एक हजारावर अडकलेला प्रोग्राम

भाच्याचा प्रोग्राम पहिल्याच संख्येवर अडकला होता आणि त्याला वाटत होतं, कॉम्प्युटर अजून मोजतोय. वीस मिनिटं तो पडद्याकडे बघत बसला, मग मला फोन केला. "मावशी, नऊ हजार संख्या तपासायला किती वेळ लागतो गं?"

तो पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत लिहीत होता, आणि पायथनला एवढ्या कामासाठी एक सेकंदसुद्धा जास्त होतो. मला ते ठाऊक होतं, त्याला नव्हतं. मी एवढंच विचारलं, "तुला किती वाटतो?" तो गप्प झाला. पुढचे काही दिवस त्याने त्या अडकलेल्या प्रोग्रामशी जी झटापट केली, ती मला इतकी मोलाची वाटते की सगळं प्रकरण पहिल्यापासून लिहून ठेवतेय. एक शिकणारा, दहा आठवडे, चार कोडी आणि शिकवणारीच्या, म्हणजे माझ्या, दोन चुका.

कोरी फाईल

भाचा १९ वर्षांचा. शाळा सुटली तसं गणितही सुटलं होतं. पायथनचा एक ऑनलाईन कोर्स त्याने पूर्ण केला होता आणि प्रत्येक सरावापुढे हिरवी खूण होती. लूप (तेच काम पुन्हा पुन्हा करायला लावणं), लिस्ट, डिक्शनरी, फंक्शन (नाव दिलेला कामाचा तुकडा), सगळं येतं म्हणाला. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. कुठलाही लहान प्रोग्राम दाखवला की तो ओळीओळीने समजावून सांगायचा.

मी त्याला कोरी फाईल उघडायला लावली आणि म्हटलं, १ ते १०० मधल्या ज्या संख्यांच्या अंकांची बेरीज ७ ने भागली जाते त्या छाप. दहा मिनिटांनी फाईलमध्ये फक्त लूपची पहिली ओळ होती. संख्येचे अंक सुटे कसे करायचे, इथे गाडी थांबलेली. संख्येची स्ट्रिंग, म्हणजे सुट्या अक्षरांची माळ, करता येते हे त्याला माहीत होतं. स्ट्रिंगवर लूप चालतो, हेही माहीत होतं. ही दोन माहितीची टोकं एकमेकांना जोडायची वेळ मात्र त्याच्यावर कधी आलीच नव्हती.

कारण उघड आहे. कोर्समध्ये लूपचा धडा संपला की लगेच लूपचाच सराव येतो. हत्यार आधीच हातात दिलेलं असतं, फक्त घाव घालायचा असतो. कोड्यात तसं नसतं. कोडं कुठलं हत्यार लागेल ते सांगत नाही, आणि ते निवडायला शिकणं हाच तर प्रोग्रामिंगचा निम्मा भाग आहे. शिवाय कोड्याचं उत्तर कागदावर पडताळता येतं, म्हणजे प्रोग्रामवर आंधळा विश्वास ठेवायची गरज उरत नाही. तेव्हा ठरवलं, दर आठवड्याला एक बैठक, आणि धडे बंद, कोडी सुरू.

माझी पहिली चूक

सुरुवात अक्षरांच्या बेरजेने केली. हेन्री ड्यूडनी यांनी १९२४ साली प्रसिद्ध केलेलं जुनं कोडं आहे: सेंड अधिक मोअर बरोबर मनी (SEND + MORE = MONEY). हे तीन इंग्रजी शब्द बेरजेसारखे एकाखाली एक मांडायचे, प्रत्येक अक्षराच्या जागी एक अंक घालायचा, वेगळ्या अक्षराला वेगळा अंक, आणि बेरीज जुळली पाहिजे.

मला उत्साह फार. पायथनच्या इटरटूल्स या भागात परम्युटेशन्स नावाचं फंक्शन आहे, ते मी त्याला लगेच दाखवलं. आठ अक्षरं, दहा अंक, सगळ्या मांडण्या एकेक करून तपासायच्या. त्याने माझ्या सांगण्यावरून प्रोग्राम लिहिला, काही सेकंदांत उत्तर आलं: ९५६७ + १०८५ = १०६५२. तो खूश झाला, मीही झाले.

पुढच्या बैठकीत मी सहज विचारलं, "प्रोग्राम न चालवता सांग, मनी या शब्दाचं पहिलं अक्षर कुठला अंक असेल?" त्याला सांगता येईना. दोन चार-अंकी संख्यांची बेरीज पाच अंकी आली तर डावीकडचा अंक १ च असणार, हे त्याच्या मनात आलंच नव्हतं, कारण मनात यायला मी जागाच ठेवली नव्हती. त्याने १८,१४,४०० मांडण्या तपासणारा प्रोग्राम चालवला होता आणि हा आकडा एवढा का आहे हेसुद्धा त्याला माहीत नव्हतं.

मग आम्ही कागद घेतला. एम १. हजाराच्या स्थानी एसमध्ये १ मिळवून निदान दहापर्यंत पोचायचं, म्हणजे एस ९, किंवा शतकातून हातचा आला तर ८. ओ हा ० किंवा १, पण १ गेलेला, म्हणून ०. आता शतकातून हातचा यायचा तर ई ९ असायला हवा, आणि तसं झालं तर एन ० होतो, जो ओने आधीच घेतलाय. म्हणजे हातचा नाही आणि एस ९ च. तीन अक्षरं ठरली. उरली पाच अक्षरं आणि २ ते ८ हे सात अंक: २,५२० मांडण्या. अठरा लाखांवरून अडीच हजारांवर, आणि तेही चार वाक्यांत.

"मग प्रोग्राम लागतोच कशाला?" त्याने विचारलं. प्रश्न प्रामाणिक होता. मी म्हटलं, तुझ्या त्या चार वाक्यांपैकी एखादं चुकीचं असेल तर तुला कोण सांगणार? त्याने २,५२० मांडण्यांचा प्रोग्राम वेगळा लिहिला आणि दोन्हींचं उत्तर जुळवून पाहिलं. कागदाने प्रोग्राम तपासायचा आणि प्रोग्रामने कागद, ही गोष्ट त्याला तेव्हा पहिल्यांदा जाणवली.

इथून पुढे मी दोन बंधनं घातली, एक त्याला, एक मला. त्याने रन करण्याआधी वहीत अंदाज लिहायचा: उत्तर साधारण काय, किती शक्यता, किती वेळ. आणि मी त्याच्या कीबोर्डला हात लावायचा नाही.

खोटारडा खरं बोलला तर?

तिसऱ्या आठवड्यात तर्काचं कोडं घेतलं. रेमंड स्मलियन यांनी लोकप्रिय केलेला हा प्रकार आहे. दोन माणसं. प्रत्येक जण एकतर कायम खरं बोलतो किंवा कायम खोटं. पहिला म्हणतो, "आम्ही दोघंही खोटारडे आहोत." कोण कसा?

भाच्याने हे मनातच सोडवलं. पहिला खरा असेल तर तो स्वतःला खोटारडा म्हणतोय, हे जमत नाही. म्हणजे तो खोटारडा, त्याचं म्हणणं खोटं, म्हणजे दोघंही खोटारडे नाहीत, म्हणजे दुसरा खरा. वहीत लिहिलं: उत्तर एकच.

प्रोग्रामने दोन उत्तरं दिली.

दोन माणसांच्या खऱ्या-खोट्याच्या चार शक्यता त्याने बरोबर फिरवल्या होत्या. चाळणी लावताना त्याने लिहिलं होतं, की पहिला खरा असेल आणि विधान खोटं ठरत असेल तर ती शक्यता टाकून दे. वाचताना अगदी बरोबर वाटतं. मी विचारलं, "तुझ्या प्रोग्राममध्ये खोटारड्याला खरं बोलायची परवानगी आहे का?" त्याने पुन्हा वाचलं. दोघंही खोटारडे ही शक्यता चाळणीतून सहीसलामत सुटत होती, कारण पहिला खोटारडा असेल तर काय, याबद्दल प्रोग्राममध्ये एक शब्दही नव्हता.

बोलताना आपण हे नेहमी करतो. "काम झालं तर येईन" असं कुणी म्हटलं की आपण "नाही झालं तर येणार नाही" हेही ऐकतो. माणसं न बोललेला अर्धा भाग स्वतः भरून घेतात. मशीन भरत नाही. तर्कशास्त्रातला एकतर्फी आणि दुतर्फी अटीतला फरक पुस्तकात सत्यसारणी काढून शिकवतात, आणि बहुतेकांना तो परीक्षेपुरताच कळतो. भाच्याला तो एका जादा उत्तरामुळे कळला. त्याने अट बदलली: माणूस खरा असणं आणि त्याचं विधान खरं असणं, ही दोन्ही मूल्यं सारखी पाहिजेत. ट्रू आणि फॉल्समध्येही बरोबरीची खूण घालता येते याचं त्याला फार अप्रूप वाटलं. बरोबरी फक्त आकड्यांची असते असं तो धरून चालला होता.

माझी दुसरी चूक

चौथ्या आठवड्यात मी हुरळून जाऊन आठ वजिरांचं कोडं दिलं. बुद्धिबळाच्या पटावर आठ वजीर असे ठेवायचे की कुणीच कुणाला मारू शकणार नाही. १८४८ मध्ये माक्स बेत्सेल यांनी मांडलेलं हे कोडं सुंदर आहे, पण त्याच्यासाठी ती उडी फार मोठी होती. अडलं की एक पाऊल मागे घेऊन दुसरी वाट धरायची, हे सहसा रिकर्शनने, म्हणजे फंक्शनने स्वतःलाच पुन्हा बोलावून, लिहितात, आणि त्याने रिकर्शन फक्त वाचलं होतं.

त्याहून वाईट म्हणजे एकूण ९२ मांडण्या आहेत हे त्याला आधीच ठाऊक झालं होतं. मग तो प्रोग्राम असा बदलत राहिला की ९२ यावेत. एक अट बदल, चालव, आकडा बघ, दुसरी बदल. शेवटी ९२ आले, पण कुठल्या बदलामुळे आले ते त्याला सांगता आलं नाही. दोन आठवडे गेले आणि चेहरा पडला. त्यानंतर अंतिम उत्तर आधी कळलेलं कोडं द्यायचं मी बंद केलं. पडताळणी कागदावरच्या लहान उदाहरणाने व्हावी, छापील उत्तराने नको, असं माझं मत तेव्हापासून पक्कं झालं.

६१७४

सहाव्या आठवड्यात कापरेकर आले. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) शाळेत शिक्षक होते आणि आयुष्यभर संख्यांशी खेळले. १९४९ मध्ये त्यांनी मांडलेली गोष्ट अशी: चार अंकी संख्या घ्या, सगळे अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लावून मोठी संख्या करा, चढत्या क्रमाने लावून लहान. मोठीतून लहान वजा करा. आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच. जास्तीत जास्त सात फेऱ्यांत ६१७४ येतं आणि मग तिथेच राहतं.

भाच्याने वहीत ३५२४ घेतली. ५४३२ वजा २३४५, ३०८७. मग ८७३० वजा ०३७८, ८३५२. मग ८५३२ वजा २३५८, ६१७४. तीन फेऱ्या. त्याचे डोळे चमकले. "सगळ्याच संख्यांचं असं होतं? मी तपासतो." हे वाक्य मी त्याच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. मी काही दिलेलं नव्हतं, त्यानेच घेतलं होतं.

प्रोग्राम त्याने एकट्याने लिहिला. संख्येची स्ट्रिंग, स्ट्रिंगचे अंक क्रमाने लावून लिस्ट, लिस्ट जोडून पुन्हा स्ट्रिंग, तिची पुन्हा संख्या. वजाबाकी करताना दोन स्ट्रिंगा एकमेकींतून वजा करायला गेला तेव्हा टाइप एरर (या प्रकारच्या माहितीवर ही क्रिया चालत नाही, अशी तक्रार) आली, ती स्वतःच वाचून सुधारली. व्हेरिएबलची नावं त्याने 'मोठी' आणि 'लहान' अशी देवनागरीतच ठेवली. पायथन ३ ला ती चालतात, आणि मला ते बघून बरं वाटलं. ३५२४ वर प्रोग्राम बरोबर चालला. आणखी चार-पाच संख्यांवरही चालला. मग त्याने १००० ते ९९९९ असा लूप लावला आणि पडदा गप्प झाला. मला फोन आला तो इथे.

"तुला किती वेळ वाटतो?" या माझ्या प्रश्नानंतर त्याने वहीत हिशेब केला. ९,००० संख्या, प्रत्येकी फार तर सात फेऱ्या, म्हणजे फार तर ६३,००० वजाबाक्या. अक्षरांच्या कोड्यात अठरा लाख मांडण्या काही सेकंदांत झाल्या होत्या. "मग हे वीस मिनिटं कसं काय?" त्याने स्वतःलाच विचारलं. इथे पहिल्या कोड्यातला तो अठरा लाखांचा आकडा कामी आला, याचा मला मनापासून आनंद झाला.

त्याने कंट्रोल-सी दाबून प्रोग्राम थांबवला आणि लूपच्या आत एक छापायची ओळ टाकली. पडद्यावर शून्यांचा पाऊस पडला. वर जाऊन पाहिलं तर सुरुवात अशी होती: १०००, ९९९, ०, ०, ०.

त्याची पहिली शंका कापरेकरांवर. "१००० हा अपवाद आहे की काय?" मी म्हटलं, वहीत करून बघ. त्याने मांडलं: १००० वजा ०००१, ०९९९. पुढे ९९९० वजा ०९९९, ८९९१. मग ८०८२, मग ८५३२, मग ६१७४. पाच फेऱ्यांत आलं. वहीत जमतंय आणि प्रोग्राममध्ये नाही. दोन्ही शेजारी ठेवून तो बराच वेळ बघत राहिला.

वहीत त्याने ०९९९ लिहिलं होतं. कुणी सांगितलं नव्हतं. वजाबाकी उभी मांडताना चार घरं असतात, पहिलं रिकामं सोडवत नाही म्हणून हाताने आपोआप शून्य लिहिलं. प्रोग्रामला घरं माहीत नाहीत. त्याच्या लेखी ती संख्या ९९९, तीन अंकी, उलट केली तरी ९९९, आणि फरक शून्य. कापरेकरांची क्रिया वरवर संख्यांवर चालते असं वाटतं, पण ती खरं तर चार घरांवर चालते. हे त्याने मला सांगितलं, मी त्याला नाही. माझ्या जिभेवर झेडफिल हा शब्द आला होता. डावीकडे शून्यं भरून देणारी ही सोय पायथनमध्ये तयार आहे, आणि ती सांगितली असती तर प्रकरण एका मिनिटात मिटलं असतं.

ते न मिटल्यामुळे पुढचं घडलं. त्याने चूक लगेच दुरुस्त केली नाही. आधी त्याला बघायचं होतं, की अशा किती संख्या शून्यात जाऊन पडतात. म्हणून चुकीचा प्रोग्राम तसाच ठेवून फक्त एवढं घातलं: शून्य आलं की थांब आणि ती संख्या यादीत टाक.

यादीत ७७ संख्या आल्या. त्यातल्या नऊ अपेक्षित होत्या, ११११ पासून ९९९९ पर्यंत. उरलेल्या ६८ कोण? यादीची सुरुवात अशी: १०००, १०११, ११०१, १११०, ११११, १११२, ११२१, १२११, १२२२, २१११. दोन दिवस ही यादी त्याच्या वहीच्या मलपृष्ठावर होती. तिसऱ्या दिवशी फोन आला. "तीन अंक सारखे, आणि चौथा शेजारचा! एकाने मोठा नाहीतर एकाने लहान."

मी म्हटलं, मग अशा किती असायला पाहिजेत ते मोज, प्रोग्रामशिवाय. त्याने मोजलं. शेजारी अंकांच्या जोड्या नऊ: ०-१, १-२, असं ८-९ पर्यंत. प्रत्येक जोडीत कुठला अंक एकटा ते ठरवायचे दोन प्रकार, आणि त्या एकट्याला बसायला चार जागा. नऊ गुणिले आठ, ७२. पण प्रोग्राम म्हणतो ६८. चार कमी.

त्या चार संख्यांसाठी त्याने एक संध्याकाळ घालवली. उत्तर साधं होतं आणि त्याला ते फार गोड लागलं: ०००१, ००१०, ०१०० आणि ०१११ या शून्याने सुरू होतात, आणि आपला लूप १००० पासून सुरू होतो. हिशेब पै न् पै जुळला. चुकीच्या प्रोग्रामचा आकडासुद्धा असा कारणासकट जुळवता येतो, हे त्याला त्याआधी माहीत नव्हतं. त्याच्या लेखी चुकीचं उत्तर म्हणजे फक्त पुसायची गोष्ट होती.

नऊ हजारांऐवजी चोपन्न

"पण याच का?" हा प्रश्न राहिलाच होता. ९९९ हाच फरक का येतो, ९९८ का नाही, ५०० का नाही?

इथे मी थोडी मदत केली. अंक उतरत्या क्रमाने अ, ब, क, ड धर म्हटलं, आणि वजाबाकी अक्षरांत मांड. शाळेनंतर त्याने बीजगणिताला हात लावला नव्हता. १०००अ + १००ब + १०क + ड, यातून १०००ड + १००क + १०ब + अ वजा. अक्षरं गोळा केली आणि राहिलं: ९९९(अ − ड) + ९०(ब − क).

या ओळीकडे बघून त्याला दोन गोष्टी दिसल्या. पहिली, हजाराच्या खालचा फरक एकच असू शकतो: अ आणि डमध्ये एकाचं अंतर, ब आणि क सारखे, म्हणजे ९९९. बाकी सगळे फरक चार अंकीच. त्याचा प्रोग्राम नेमका त्या ६८ संख्यांवरच का चुकत होता आणि दुसऱ्या एकाही संख्येवर का नाही, याचा पुरावा त्याच्या समोर होता.

दुसरी गोष्ट त्याहून मोठी. फरक चार अंकांवर अवलंबूनच नाही, फक्त दोन अंतरांवर आहे. बाहेरचं अंतर १ ते ९, आतलं ० पासून बाहेरच्याएवढं. अशा जोड्या किती? २ + ३ + ... + १०, म्हणजे ५४. नऊ हजार संख्यांचा पसारा पहिल्या वजाबाकीनंतर फक्त ५४ संख्यांत मावतो. त्याने त्या ५४ छापल्या, प्रत्येकीचे अंक उतरत्या क्रमाने लावले, आणि सारख्या दिसणाऱ्या एकत्र केल्या. उरल्या ३०. तीस गोष्टी हाताने तपासता येतात. त्याने एका मोठ्या कागदावर झाड काढलं, तीसही फांद्या ६१७४ च्या बुंध्याला येऊन मिळाल्या.

हे झाल्यावर प्रोग्राम दुरुस्त केला. आधी त्याने स्वतःचा लूप लिहून, लांबी चार होईपर्यंत पुढे शून्यं जोडली. झेडफिल त्याला नंतर पायथनच्या माहितीपत्रात सापडलं आणि "हे तर मी केलंय" असं म्हणून तो हसला. याच क्रमाने झालं याचं मला समाधान आहे. शून्याने सुरू होणाऱ्याही धरून ०००० ते ९९९९ वर प्रोग्राम चालवला आणि कुणाला किती फेऱ्या लागतात ते मोजलं. त्याचा अंदाज होता की गर्दी मधोमध, चार फेऱ्यांपाशी असेल. निघालं वेगळंच: तीन फेऱ्यांच्या २,४०० संख्या, चारच्या १,२७२ आणि सातच्या तब्बल २,१८४. लगेच त्याने सगळ्या गटांची बेरीज करून पाहिली. ९,९९०. दहा हजारांतून सारख्या अंकांच्या दहा गेल्या. ही बेरीज करून बघ असं त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

काय जमलं नाही

कोड्यांनी सगळं शिकवलं असं मी म्हणणार नाही. आठव्या आठवड्यात त्याला एका फाईलमधल्या नोंदी वाचून गटवार बेरजा करायच्या होत्या, तेव्हा तो पुन्हा चाचपडला. रिकाम्या ओळी, मधेच गायब असलेली माहिती, दोन प्रकारे लिहिलेली तीच तारीख, असला गबाळेपणा कोड्यांत नसतो. कोड्याचं जग स्वच्छ असतं, बाहेरचं नसतं. प्रोग्राम लहान फंक्शनांत तोडायची सवयही त्याला लागलेली नाही, कारण वीस ओळींच्या कोड्यात ती गरज भासत नाही. हे वेगळं शिकवावं लागेल, आणि ते आम्ही आता सुरू केलंय.

एक फरक मात्र त्या फाईलच्या वेळीही दिसला. बेरजा छापून झाल्यावर त्याने फाईलमधल्या पहिल्या दहा नोंदी वहीत घेऊन हाताने बेरीज केली आणि मगच मला दाखवायला आणलं.

पाच अंक

दहाव्या आठवड्यात त्याने स्वतःहून पाच अंकी संख्या घेतल्या. प्रोग्रामला फक्त चारच्या जागी पाच घरं सांगायची होती. आणि पुन्हा तो अडकला. त्या दिवशी मला फोन आला नाही. दुसऱ्या दिवशी वहीच्या पानाचा फोटो आला.

त्याने आधी वेळेचा अंदाज लिहिला होता आणि तो उलटून गेल्यावर लगेच प्रोग्राम थांबवला होता. मग पाहिलेल्या संख्यांचा एक सेट ठेवला, आणि तीच संख्या पुन्हा आली की थांबायचं असं सांगितलं. शून्यं गळत नव्हती, घरं पाच होती. तरी ५३९५५ वरून ५९९९४, आणि तिथून परत ५३९५५. दुसरीकडे ६१९७४, ८२९६२, ७५९३३, ६३९५४ आणि पुन्हा ६१९७४. तिसरी साखळी ६२९६४, ७१९७३, ८३९५२, ७४९४३. पाच अंकांत ६१७४ सारखं एक मुक्कामाचं ठिकाण नाहीच. संख्या या तीनपैकी एका चक्रात शिरतात आणि फिरत राहतात. फोटोखाली लिहिलं होतं, "मावशी, या वेळी प्रोग्राम बरोबर आहे. संपणार नाही हेच उत्तर आहे."

खाली आणखी एक ओळ होती, पेन्सिलीने: "सगळ्यांच्या मध्ये ९ आहे. का?"

मी उत्तर लिहायला घेतलं आणि थांबले. संध्याकाळी तो आला तेव्हा लॅपटॉप आणलाच नव्हता, नुसती वही होती. उभी वजाबाकी मांडली, पाच घरं, वर उतरता क्रम, खाली चढता. एककाच्या घरात वर सगळ्यात लहान अंक, खाली सगळ्यात मोठा, म्हणून दशकाकडून हातचा घ्यावा लागतो. दशकात वरचा खालच्याहून मोठा नसतोच, त्यात हातचा दिलेला, म्हणून त्यालाही शतकाकडून घ्यावा लागतो. आणि मधल्या घरात वर-खाली तोच अंक. "स्वतःतून स्वतः गेला, शून्य राहिलं, पण एक तर आधीच देऊन बसलाय," तो म्हणाला आणि त्या घराखाली ९ लिहिला.